साडेसहा घोडे

कागदावर साडेसहा घोडे लिहिलेत.
पण हर्णैच्या बंदरातून चार खोकी बांगडा, वर बर्फ,
पुढे मी, असं सगळं घेऊन
आसूदच्या चढाला लागलं
की त्यातले अडीच खाली पऱ्ह्यावरच पाणी प्यायला थांबतात.
उरलेले चार माना हलवतात.
तिसऱ्यातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला, पहिल्यातून पाय.
हो, पाय.
जमिनीला पाय लावून ढकलत नेलीय मी डिझेल बुलेट,
आणि शेजारून टेम्पो घेऊन जनू दोरकुळकर
हॉर्न न वाजवता गेलाय.
वाजवला असता तर बरं वाटलं असतं.

बशीर होडेकर बोटींची इंजिनं बघतो.
दुचाकीला हात लावत नाही, म्हणाला.
मग म्हणाला, आण.
मग म्हणाला, रात्री आण.

त्याच्या तर्जनीला शेवटचं पेर नाही.
मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं:
नोझलच्या तोंडाशी बोट धरायचं नाही, कधीच नाही.
डिझेल कातडीतून आत जातं
आणि परतीची वाट विसरतं.

किती ताकद हवी?
दोन घोडे तरी.
पागा आहे का माझी, तो म्हणाला,
आणि नट सोडवायला बसला.

ठिणगी नसते रे हिच्यात.
हवा दाबायची, दाबायची,
इतकी दाबायची की तीच तापते. मग वरून थेंब.
डिझेल काय, कुणीही ओतेल.
हवा आणशील कुठून?
मी समुद्राकडे पाहिलं.
ती नव्हे. तुझ्या फिल्टरातली.

फिल्टरातून निघालं: सुंभाची धूळ, मीठ,
आणि एक वाळलेला जवळा, मिशांसकट.
सायलेन्सर करवंट्यांच्या विस्तवात भाजला, दगडावर आपटला.
तीन वर्षांचे चढ पडले त्यातून, काळे, ढेपाढेपांनी.
नोझल आधी पोरासारखं मुतत होतं, एका धारेत.
घासून, पुसून, पुन्हा पंपाला लावलं
तर पहाटे खाडीवर असतं तसं धुकं.
पंपाखालची केसाएवढी पत्री काढली;
थेंब आता जरा आधी पडतो,
पाहुण्याच्या आधी पाट मांडावा तसा.

एक स्क्रू आहे, त्याला तार गुंडाळून शिसं ओतलेलं.
तो सोड ना, मी म्हणालो. सगळे सोडतात.
बशीरने पाव फेरा दिला. मुठीत जोर आला, खरंच आला,
आणि मागे भिंत काळी झाली.
बघ, तो म्हणाला, हा तुझा बांगडा चाललाय. किलोकिलोने.
पाव फेरा परत.

मग मागच्या चाकाला दोन दात जास्त.
सपाटीवर आता तुला सायकलवाला गाठेल, म्हणाला, चालेल?
सपाटी आहे कुठे आपल्याकडे, मी म्हटलं.

पैसे विचारले तर म्हणाला, अर्धा घोडा वाढला असेल.
तोही तुझाच होता, कोंडलेला.
दोन पापलेटं ठेव. ताजी ठेव.

सकाळी आसूद.
पऱ्ह्यापाशी दुसरा घातला आणि श्वास धरला,
जसा काही माझ्या श्वासानेच चढणार होती.
ठक ठक ठक, पोफळींच्या सावल्या अंगावरून जातात,
ठक ठक, वळण, ठक,
पाय उचललेले तसेच राहिले फूटरेस्टवर.
जनूचा टेम्पो गेलाच पुढे. त्याने हॉर्न वाजवला.

दापोलीत पोचलो वेळेवर, आणि बांगड्याला भाव नव्हता.
सगळ्यांच्याच जाळ्यात आला होता त्या रात्री.
बर्फ तेवढा वाचला निम्मा.

पण तुम्हाला सांगतो, वरच्या वळणावर
आरशात पाहिलं होतं मी, धूर दिसतो का.
नव्हता.
रस्त्यावर फक्त एक ओली रेघ,
थेट खालून आलेली,
मध्ये कुठेही डबकं न साचलेली.