घडणावळ

कसेरा बाजारात भांडं वजनावर विकलं जातं.
जड तितकं महाग,
आणि घडणावळही किलोवर.
किलो तेव्हा नवा होता; भाऊ अजून शेरातच विचार करत.

त्या उन्हाळ्यात भरडासाहेबांची गाडी आली,
हातगाडीवर बसून,
स्वतःचं नाक स्वतःच्या सीटवर ठेवून.
राऊच्या फाट्याला म्हैस आडवी आली होती.
म्हशीला काही झालं नाही.
छावणीतल्या डेंटरनं हातच लावला नाही, म्हणाला,
पत्रा कुठला, हा तर वर्ख आहे भिया,
तांबटाकडे न्या.

साहेब मिलचे वीव्हिंग मास्तर, लँकेशायरला शिकलेले.
दुकानाच्या पायरीवर बसून सांगत होते :
तिकडे एका खेड्यात, जुन्या गोठ्यात,
सात माणसं हातानं या गाड्या घडवतात.
वर्षाला अकरा.
भाऊंनी मान फिरवून दुकानातली डोकी मोजली.
"सात? म्हणजे आमच्याएवढेच की."

नाक उलटं केलं तर आतल्या अंगाला
पेन्सिलीनं एक आकडा, दोन इंग्रजी अक्षरं
आणि कुणीतरी चहाचा कप टेकवल्याचं
तपकिरी वर्तुळ.
भाऊ बराच वेळ त्या वर्तुळाकडे बघत राहिले.

चिंचेचा ओंडका, चामड्याच्या पिशवीत वाळू, लाकडी हातोडा.
मी तेरा वर्षांची, पत्र्याची कड धरायला.
"शकू, श्वास घेऊ नकोस," म्हणायचे,
आणि मी खरंच घेत नसे.

आमच्या घरात मठार म्हणजे सही.
ठोक्याला ठोका भिडवत गेलं
की कोरड्या हंड्यावरही पाणी हलल्यासारखं दिसतं.
तसंच उतरलं होतं ते नाकावर, कानापासून कानापर्यंत.
साहेब आले, बघितलं, गप्प झाले.
मग हळूच म्हणाले, मिस्त्री,
ठोके दिसता कामा नयेत.

त्या रात्री भाऊ जेवले नाहीत.
दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःचा हात पुसायला घेतला.
नऊ दिवस लागले.

मग तराजू.
एका पारड्यात नाक, दुसऱ्यात सरकारी शिक्क्याची कोरी वजनं.
जुनं चार किलो शंभर होतं, हे तीन किलो आठशे.
साहेबांनी टाळी वाजवली.
भाऊंनी पाटीवर हिशेब मांडला आणि खडू थांबला :
काम जितकं चोख, मजुरी तितकी कमी.
"मग जे काढलं त्याचे लावा,"
आई आतून म्हणाली.
तीनशे ग्रॅम नसल्याचा भाव कुणालाच ठाऊक नव्हता.
शेवटी मिलच्या मलमलीच्या एका ठाणावर मिटलं.
आईनं तेही तोलून घेतलं.

गाडी गेली. साहेब गेले. मिलचा भोंगाही बंद पडला.
भाऊंना जाऊन आता एकतीस वर्षं.

परवा मोबाईलवर एक फोटो आला.
कुणाकुणाला विचारत, कसा कोण जाणे, माझ्यापर्यंत.
त्याच गोठ्यातून. आता तिथं दोघंच असतात म्हणे,
एक नातू आणि एक म्हातारा,
आणि ती गाडी फिरून फिरून त्यांच्याकडे परत आलीय.
फोटोत नाकाची आतली बाजू.
कोपऱ्यात तळहाताएवढी जागा,
तिथं ठोक्याला ठोका भिडलेला, पाणी हलतंय.
खाली तो आकडा. ती दोन अक्षरं,
भाऊंनी जुन्या पत्र्यावरून चित्र काढावं तशी उतरवलेली,
त्यातला एन उलटा.
कड मी धरली होती.
हे कधी केलं, मला माहीत नाही.

त्यानं विचारलंय :
अक्षरं आमच्या आजोबांची वाटतात, पण अशी का?
आणि हे खड्डे म्हणजे मार लागलाय का?
सपाट करू का?

मी दोन बोटांनी फोटो मोठा करत गेले,
नुसते ठिपके उरेपर्यंत.
मग लिहिलं, करू नका.
मग लिहिलं, वजन किती भरलं?

तीन आठशे, त्याचं उत्तर आलं.
रंगासकट?
रंग काढून.