इलाहीची बाजू

अशोक चौकातून आत वळलं की तिसरं दुकान,
येमुल रेडिओ अँड साऊंड.
पाटीवरचा 'साऊंड' उन्हानं खाल्ला,
आतला शाबूत.
शेजारच्या शेडमध्ये सोळा माग चालतात,
म्हणून इथं कुणी हळू बोलत नाही,
लाडानं बोलायचं तरी ओरडूनच.

मंगळवारी शेड बंद. मंगळवारी केशव मुळगुंद.
मुळगुंदांनी पिक्चर केले तेवीस, चालले सहा,
आणि त्यातलं सगळ्यात भारी काम कुठलं, यावर
नरसय्या येमुल आणि इलाही बागवान
सत्तावीस वर्षं भांडले.

नरसय्याचा 'चांदण्याचा हिशोब'.
"अबे, नावं पडायच्या आधी बघ.
चाळीस व्हायोलिनं एकदम श्वास घेतात,
घेतात आणि सोडत नाहीत,
हिरॉईन दार उघडेपर्यंत.
तवर आपण पण खुर्चीत तसंच."

इलाहीचा 'उन्हाची वेस'.
गाडा भाच्याकडं सोपवून यायचा, अंगाला पेरूचा वास.
"चाळीस लोकं लागतात होय बे तुझ्या मुळगुंदला?
हितं एक बासरी. एकच.
विहिरीवर कुणी नाही, पोहरा नुसता हलतोय,
आणि ती वाजते, सुराच्या केसभर खाली, दमल्यागत.
का, माहितंय?
वाजवणाऱ्याला त्या दिवशी ताप होता. एकशे तीन.
मुळगुंद म्हणले, राहू द्या, असंच पाहिजे."

"थाप!" नरसय्या सोल्डरची कांडी रोखून.
"तापातला माणूस बासरी फुंकतो?
तू होतास तिथं? पेरू विकत होतास?"

मी तेव्हा शाळकरी. चहा आणायला,
आणि पावतीपुस्तकाच्या पाठीमागं गुण मांडायला.
एका मंगळवारी इलाही जिंकतच आला होता,
नेमकी लाईट गेली.
तबकडी मंदावत मंदावत,
बासरी म्हशीगत हंबरली,
आणि नरसय्या म्हणाला, "हां. आत्ता आला ताप."

इलाही उठला तो दोन मंगळवार फिरकला नाही.
तिसऱ्याला आला. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि कुठल्याशा अंकातलं कात्रण:
बासरीवाल्याचा फोटो.
माणूस चांगला ठणठणीत, हसत उभा.
"डोळे बघ की बे," इलाही म्हणाला,
"डोळ्यांत दिसतोय."

गड्डा उठला त्या आठवड्यात इलाही गेला.
नरसय्या मातीला जाऊन आला,
आणि सकाळीच बसवलेलं ॲम्प्लिफायरचं झाकण
पुन्हा काढून, पुन्हा बसवत राहिला.
त्या स्टुलावर कुणी वायरचं भेंडोळं टाकलं
तर काही न बोलता उचलायचा.

उन्हाळ्यात एक पोरगा यायला लागला,
श्रीशैल हत्तुरे, इंजिनिअरिंगचा.
गळ्यात हेडफोन, फोनमध्ये तेवीसच्या तेवीस.
"'उन्हाची वेस' ठीकंय काका,
पण फार रिकामं वाटतं.
'चांदण्याचा हिशोब' म्हणजे कळस."

मी नरसय्याकडं बघितलं.
सत्तावीस वर्षांचा सामना, आणि घरबसल्या निकाल.
नुसती मान हलवायची होती.

त्यानं कांडी स्टँडवर ठेवली.
"रिकामं?
विहीर बघितलास का? पोहरा बघितलास?
चाळीस लोकं लागतात होय बे?
ताप होता त्या माणसाला."
"किती?" पोरानं विचारलं.
"एकशे चार."
"तुम्ही होता तिथं?"
"आमचा एक दोस्त होता."

मी पावतीपुस्तक शोधलं. सापडलं नाही.
विजेच्या बिलामागं लिहिला एक गुण.

"मग 'चांदण्याचा हिशोब', काका?"
"तो कुठं जातोय बे?
त्याच्या बाजूनं मी हाय की अजून."