पंधरा शब्द

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये
कॅरमची फळी ओलीनं फुगली, टेबल टेनिसची जाळी कुणी नेली,
उरलं आमचं कोपऱ्यातलं चौघांचं टेबल.
मंगळवार, शनिवार.

माझा भिडू दस्तगीर. निवृत्त गार्ड.
‘पास’ असं म्हणतो
की गाडी लूपलाइनला घेतली.

बोलीला शब्द पंधराच:
एक ते सात आकडे, चार रंग, नो ट्रम्प,
पास, डबल, रिडबल.
एवढ्यात सांगायचं काय आहे, काय नाही,
आणि तुमच्यावर किती विसंबू.
भुवई उडवायची नाही. खाकरायचं नाही.
तीस वर्षं मराठी शिकवली मी,
इतकं नेटकं वाक्य एका पोराच्या वहीत सापडलं नाही.

दस्तगीर म्हणतो, यात नवीन काय, बाई?
इंजिन तिकडं, मी इकडं,
मधे अर्धा मैल कोळसा,
सगळी बातचीत एका हिरव्या दिव्यावर.

काल चार बदाम. डाव माझा.
त्यानं पत्ते उघडे मांडले नि गप्प झाला,
डमीनं गप्पच बसायचं असतं.
लाईट गेली. मुंजाजीनं मेणबत्ती बशीत चिकटवली.
आठ हात आमचे, दोन त्यांचे, पत्ते उरले तीन:
इस्पिकचा एक्का, राणी,
आणि चौकटची पंजी, कुणी न विचारणारी.

राजा कुठंय?
डावीकडं गुरांचे डॉक्टर गुट्टे.
‘एक चौकट’ म्हणून तोंड यांनीच आधी उघडलेलं.
त्याला बारा गुण लागतात. दाखवले नऊ.
उरले तीन. राजाचे तीनच असतात.

एक्का मारला तर राजा मागं जिवंत.
राणी पुढं केली तर खाल्ली जाणार.
मी पंजी टाकली.
डॉक्टरांनी गुलामानं हात उचलला, हसले,
मग हातातले दोन पत्ते पाहिले
आणि हसू तसंच राहिलं.
दोन्ही इस्पिक. खेळणं भाग.

‘खोड्यात घातलंत की,’ म्हणाले,
‘सुई टोचायच्या आधी आम्ही बैलाला घालतो तसं.’

घरी जाताना फाटक बंद.
नांदेडकडून मालगाडी. दस्तगीरनं सवयीनं डबे मोजले.
शेवटच्या डब्यामागं माणूस नव्हता,
नुसता लाल दिवा उघडझाप करत गेला.

फाटक वर झालं. तो हलला नाही.
मग म्हणाला,
‘पाचव्या हाताला थांबलात, बाई.
किल्वरची दश्शी तिथंच काढायला पाहिजे होती.’