पहिली तुकडी, मॅलेग

पत्रात लिहिलं होतं : पदव्युत्तर शाळा.
प्रत्यक्षात ती हेरिंग धुरावण्याची जुनी शेड.
दोनदा चुना दिला,
तरी दमट हवेत भिंतींना अजून धूर आठवतो.
मला तो वास चालतो. मी देवगडची,
बांगड्याच्या वाळवणावर कावळे हाकत वाढलेली.

डॉक्टर गिलीज म्हणाल्या, सप्टेंबरपर्यंत सगळं हवं :
नियमावली, शिक्का, झग्याचा रंग.
रंगावर दोन तास गेले.
निळा कुणीतरी आधीच घेतलेला, किरमिजीसुद्धा.
शेवटी ठरला शेवाळाचा.
"ओल्या" हा शब्द इतिवृत्तात मीच घातला.

चोवीस वर्षं मी या केंद्रात काचसामान धुते,
प्लवक मोजते, बाटल्यांना चिठ्ठ्या डकवते.
माझ्या आकड्यांवर सात जण डॉक्टर झाले
दुसऱ्या गावांत, दुसऱ्यांच्या घुमटांखाली.
प्रबंधाच्या शेवटी आभार, आभारात धुरी,
दोनदाच बरोबर छापलेलं.

कॅलमने शिडी लावून पाटी ठोकली. तिरकी.
खाली उतरला, मान कलती करून पाहिलं,
म्हणाला, बोटीवरून सरळ दिसेल.

मुलं दुपारच्या गाडीने आली. सहा.
एकाची बॅग फोर्ट विल्यमलाच राहिलेली.
इफेओमाने ओला कोट काढता काढता विचारलं,
"इथून आधी कोण कोण शिकून गेलं?"
गिलीजबाईंनी कप बशीत ठेवला.
बाहेर समुद्रपक्षी आतड्यांवरून भांडत होते
ते बराच वेळ ऐकू आलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या :
पहिला तास तुम्ही घ्या.

मी? माझ्याकडे तर
रत्नागिरीची बी.एस्सी., तीही सेकंड क्लास.
खडूला हात लावला नाही.
सकाळी धक्क्यावरून भरलेली बादली
टेबलावर ठेवली, थोडी सांडली.
प्रत्येकाच्या काचेवर एकेक थेंब.
मोजा, म्हटलं.

सहा जणांचे सहा आकडे.
"यातला बरोबर कुठला?" रीसने विचारलं.
मलाही माहीत नव्हतं, आणि ते सांगताना
आवाज कापला नाही, याचंच नवल वाटलं.
थेंब वाळायच्या आत, म्हटलं,
पुन्हा मोजा.

संध्याकाळी कोरी हजेरीवही, पान पहिलं.
शिक्षक या रकान्याशी पेन थांबलं.
धुरी लिहिलं.
एकेक अक्षर मोजलं.
पुन्हा मोजलं.