सहा आकडे

मालवणच्या बाजारात, सोनाराच्या दुकानावर,
निनाद बावकरचं सेवा केंद्र.
जिन्यात चपलांची रांग, माझी नववी.
आईच्या पिशवीत रेशनकार्ड, दोन गुणपत्रिका,
आणि शाळेचा दाखला, ज्यात खवणेकरमधला
बाणाचा ण नळाचा न झालाय.
त्या एका अक्षरासाठी
मी स्टॅम्पपेपरवर शपथ घेतली आहे
की ती मुलगी आणि ही मुलगी एकच.
पिशवीला सुक्या सोड्यांचा वास.
निनाद काही बोलला नाही,
पंखा तेवढा एकाने वाढवला.

कोर्स?
मत्स्यशास्त्र, रत्नागिरी, चार वर्षं.
आई हसली. "म्हावरा शिकूक पैशे मोजूचे?
माझ्या टोपलेकडे बस, फुकट शिकवतंय."
मग फीचा आकडा पडद्यावर आला
आणि तिने पदर सारखा केला.

वडिलांचा व्यवसाय, खलाशी.
वार्षिक उत्पन्न?
ते तर परवा तलाठ्याकडे ठरलेलं,
दाखल्यावर शिक्क्यासकट.
पण ठरलं कसं, ते इथे लिहायला रकाना नाही.
होडीचा वाटा, जाळ्याचा, डिझेल, बर्फ वजा जाऊन
उरलेल्याचे पंधरा, त्यातला बाबांचा एक.
एखाद्या रात्री बांगडा असा लागतो की तांडेल गप्प होतो,
आणि मग बारा दिवस
नेलेला बर्फच परत येतो, पाणी होऊन.
वर्ष समुद्रावर दहा महिन्यांचं,
कागदावर बाराचं.

तलाठीबाई चांगल्या.
म्हणाल्या, शहाण्णव हजार लिहूया, बसेल.
आई उसळली. "एक लाख वीस लिवा."
"कमी असेल तर बरं, मावशी."
"कमी कित्याक? आमी काय भीक मागतंव?"

तीस वर्षं बंदरावर बसून
जिने सुरमईचा भाव खाली येऊ दिला नाही,
पाठ फिरवून गेलेल्या गिऱ्हाइकाला
एकदाही हाक मारली नाही,
तिला कुणीतरी गोड आवाजात सांगत होतं
नवऱ्याचा भाव उतरव म्हणून.
मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय ठेवला.
शहाण्णव.
तिची सही अजून चौथीतली,
जोडाक्षराशी येऊन थांबणारी.

शेवटचं बटण. निनाद म्हणाला, ओटीपी सांग.
माझं आधार बाबांच्या नंबराला,
नंबर बाबांच्या खिशात, प्लास्टिकमध्ये, वरून रबर,
आणि बाबा निवतीच्या दिव्यापलीकडे कुठेतरी,
जिथे रेंज पोचत नाही.
पडद्यावर दहा मिनिटं उलटी चालू लागली.
खिडकीतून दिसत होती नगरपालिकेची टाकी,
आई तिकडेच बघत बसली.
मागचा मुलगा पुटपुटला, उद्या शेवटची तारीख ना?
मिनिटं संपली.
"सकाळी ये, नवीन मागवू," निनाद म्हणाला.
"पैसे तेव्हाच दे."

रात्री दोनला फोन.
आधी इंजिन, मग वारा, मग बाबा,
फोनवर बोलतानाही एका होडीतून दुसरीत ओरडावं तसे:
"गो, तुझे आकडे इलेहत. सरकारचे.
कोणाक सांगू नको असा लिवलेला हा,
तांडेलाक पण दाखवूक नाय.
घे लिवन."

नऊ तास झाले होते ते आकडे मरून.
सांगायला मी तोंड उघडलं.
"आठ," बाबा म्हणाले,
आणि मी लिहीपर्यंत थांबले.
"लिवलंस?"
लिवलंय.
"शून्य."
आई उठली होती. तिने अंधारातच चाचपून
फळीवरचं पेन माझ्या हातात दिलं.
तळव्यावर, न बघता,
मी सहाही आकडे उतरवले
आणि पुन्हा एकदा म्हणून दाखवले,
बाबांनी सांगितलं म्हणून, हळू,
कुणाला ऐकू जाणार नाही असे.