पाठमोरी गाडी

बडोद्यात कुणालाच गाडी चालवता येत नाही.
एकतीस वर्षं पाहतो आहे मी हे
काचेआडून,
दोन्ही हात चाकावर, दहा वाजून दहा मिनिटं.

काळ्या घोड्याला वळसा घालताना
डावीकडचा उजवीकडे जातो,
उजवीकडचा कुठेही.
अलकापुरीच्या गरनाळ्यात एका स्कूटरवर
तिघं, चौथा गॅसचा सिलिंडर,
आणि खांद्यात दाबलेला फोन.
अकोट्याच्या पुलावर एक पांढरी गाडी
डावा दिवा लुकलुकवत सरळच चालली होती
गेल्या दसऱ्याला.
वळली नसेल अजून.
पोचली असेल पादऱ्याच्या पुढे कुठेतरी,
लुकलुकत.

तोंड माझं तसं मराठी.
घरात "बरं" आणि "हो का" यांवर भागतं.
पण क्लच दाबला की आतून गुजराती सुरू होतं:
डफोळ! ढोर! आंधळो छे के?
भांडण गुजरातीत, पश्चात्ताप मराठीत,
अशी वाटणी आमच्या घरात
आजोबांच्याही आधीपासून आहे.
पश्चात्तापाचा वाटा तसाच पडून, न वापरलेला.

शालन शेजारी बसते,
मांडीवर खंडेराव मार्केटातली पिशवी,
पिशवीतून डोकावणारी मेथी.
ती काही म्हणत नाही.
ब्रेक लावते फक्त,
तिच्या बाजूला, जिथे ब्रेक नाही.

सिग्नलला नव्वद सेकंद मिळतात. विचार केला आहे मी.
नीट चालवणाराही असेल एखादा,
पण तो दिसणार कसा?
तो आला, गेला, मला काही झालं नाही,
म्हणजे तो नव्हताच.
माझ्या डोक्यात जमा होतात ते उरलेले.

रविवारी वरच्या मजल्यावरचा मौलिक खाली आला.
त्याने गाडीत नवा कॅमेरा बसवलाय.
"अंकल, आ जुओ ने," म्हणाला,
आणि मोबाइल माझ्या चहाशेजारी ठेवला.

दांडिया बाजार. दुपार.
एक राखाडी गाडी डावीकडून घुसते,
दिवा नाही, हात नाही,
भर रस्त्यात थांबते क्षणभर
जणू घरी गॅस चालू राहिलाय,
आणि वळते.
मागची स्कूटरवाली मुलगी दोन्ही पाय टेकते.
तिचं तोंड हलतं. आवाज येत नाही,
पण शब्द मला पाठ आहेत.

"कोण हा डफोळ?" मी म्हणालो.

मौलिक काही बोलला नाही.
त्याने बोटाने चित्र थांबवलं.
मागच्या काचेवर गणपतीचं स्टिकर होतं,
एका कानाशी सुटलेलं.
शालनने लावलेलं.

उभी गाडी रोज पाहतो. पुसतोसुद्धा.
पण चालती गाडी, आणि तीही पाठमोरी,
आपली आपल्याला कधी दिसते?
आपला आवाज टेपवर ऐकावा
तसं झालं. हा माणूस कोण,
आणि याला लायसन कुणी दिलं?

सांगणार होतो त्याला
की त्या क्षणी फोन वाजला होता लॅबमधून,
की शालनचा रिपोर्ट तयार होता,
की लॅब एकला बंद होते,
की फोनवरची बाई "या, मग बोलू" म्हणाली
आणि त्या "मग"मध्ये मला रस्ता दिसेना.
रिपोर्ट साधा निघाला.
पण यातलं काहीच त्या चित्रात नव्हतं.
चित्रात एक राखाडी गाडी होती.

मौलिकने चहा संपवला. कप स्वतः विसळून ठेवला.
ते जास्त लागलं.

आज अकोट्याच्या पुलावर पुन्हा तीच पांढरी गाडी,
किंवा तिची बहीण,
डावा दिवा लुकलुकवत, सरळ.
मी हॉर्नवरचा हात उचलला.
म्हटलं, असेल काहीतरी.
कुणाचा तरी फोन आला असेल.
आई असेल कुठे दवाखान्यात.
नवी असेल गाडी, बटणं सापडत नसतील.

शालनने माझ्याकडे पाहिलं.
तिचा पाय अजून ब्रेकवरच होता.

पुलाच्या टोकापर्यंत मी गप्प राहिलो.
मग ती वळली.
उजवीकडे.

उरलेलं मी गुजरातीत म्हणालो.