चार दिवस, दुपारचा खेळ

तो सिनेमा नागपुरात चार दिवस टिकला.
मे महिना. सदरच्या टॉकीजमध्ये कूलर होता
म्हणून तरी आम्ही अकरा माणसं.
पोस्टरवर गजांमागे नटीचा चेहरा
आणि खाली कुणीतरी कोळशानं लिहिलेलं :
पागलखाना चौकवाले, उतरा.

बाबांनी ड्यूटी बदलून घेतली होती.
शालिक नंदेश्वर, अटेंडंट, वॉर्ड नंबर सात,
तेवीस वर्षं.
त्यांच्या खाकी पँटच्या खिशाला आतून
आईनं जाड कापडाचं अस्तर लावलेलं,
चाव्यांनी भोक पडायचं म्हणून.

गाणं नाही. मारामारी नाही.
एक बाई सिनेमाभर
स्वेटरची बटणं लावते,
वर एक बटण उरतं, काज उरत नाही,
पुन्हा सगळी काढते.
"रीळ अटकली का बे?"
मागून कुणी ओरडलं, सगळे हसले.
मीही हसले. चौदा वर्षांची होते.

बाबा तिच्याकडे बघतच नव्हते.
ते बघत होते पडद्याच्या डाव्या कडेला,
जिथं स्टूलवर एक अटेंडंट बसलाय, अर्धा कापलेला, धूसर.
तो एकदाच हात पुढे करतो, बटणाकडे,
आणि मागे घेतो.
तेवढंच.

शेवटी फाटक उघडतं.
ती चार पावलं बाहेर येते,
थांबते, वळते :
जर्मनचा मग आत राहिलाय.
इथं दिवे लागले.
पोरांनी खुर्च्या आपटल्या, पैसे बुडाले म्हणून.

घरी येताना मी सायकलच्या दांडीवर,
रस्त्याचं डांबर पाघळलेलं.
मानकापूरपर्यंत बाबा गप्प.
मग म्हणाले,
"चाव्यांचा आवाज बरोबर हाय."
आणि बरंच पुढे गेल्यावर,
"कोणीतरी तिथं बसून आयकला असन तो."

पेपरात दोन ओळी आल्या होत्या : संथ, कंटाळवाणा.
बाबांनी कात्रण ठेवलं नाही,
तिकिटाचे दोन तुकडे मात्र
पासबुकात सापडले, ते गेल्यावर.

आता फोनवर मिळतो तो सिनेमा.
प्रत भिकार, चेहरे हिरवट,
मध्येच दहा मिनिटं गायब.
मी कूलर बंद करून बघते, आवाजासाठी.
घामानं फोन निसटतो हातातून.

नामावळीत त्या अटेंडंटचं नाव नाही.
दोनदा पाहिली.
लाइटवाल्यांची आहेत, चहावाल्याचंसुद्धा आहे.